तीन हजार आठशे ओळी आणि एक

आमच्या वन्सं नेमकं काय काम करतात, हे मला इतक्या वर्षांत कोणालाही एका वाक्यात सांगता आलेलं नाही. "काँप्युटरचं," असं म्हटलं की समोरची बाई लगेच आपल्या बिघडलेल्या प्रिंटरची तक्रार काढते. प्रिंटरमधलं वन्संना ओ की ठो कळत नाही. त्यांच्या घरचा प्रिंटर चार वर्षं बंद आहे आणि त्यावर कुंडी ठेवलेली आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. लग्न झालं तेव्हा मी थट्टेने वन्सं म्हणाले, अहोजाहो केलं, आणि तेच कायमचं चिकटलं. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो, त्या चौथ्या. रोज अकराला मी वर जाते आणि आम्ही चहा घेतो. त्यांचं ऑफिस म्हणजे जेवणाच्या टेबलाची खिडकीकडची बाजू. लॅपटॉपखाली एक पालथा ट्रे, चष्म्याची दोन घरं, आणि एक वही, जिच्यात फक्त चौकोन काढलेले असतात. कपडे धुण्याच्या मशीनवरच्या फळीवर दोन जुने काँप्युटर ठेवलेत, झाकणं काढलेले, आतड्यांसारख्या वायरी बाहेर आलेले. मशीन आणि ते दोघे एकदम सुरू झाले की मोलकरीण म्हणते, "बाई, घर उडणार आता."

काँप्युटर चालू केल्यावर माणसाचं काही सुरू व्हायच्या आधी जे सुरू होतं ती ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्या पोटात एक भाग असतो, तो आपल्या फायली डिस्कवर नीट ठेवतो आणि मागितल्या की काढून देतो. त्या भागाचा एक कोपरा वन्संकडे आहे. जगात जिथे जिथे ती सिस्टीम आहे तिथे तिथे तो कोपरा आहे.

"म्हणजे किती ठिकाणी?" मी एकदा विचारलं होतं.

"मोजलं नाही कोणी. दवाखान्यातलं यंत्र, स्टेशनवरचा बोर्ड, लायब्ररीतला काँप्युटर..."

त्या हे सांगत असताना चहा उतू गेला आणि त्या फडकं शोधायला धावल्या. मी मात्र त्या ट्रेकडे बघत बसले. स्टेशनवरचा बोर्ड या टेबलावरून हलत होता, आणि टेबलाचा एक पाय डुगडुगू नये म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी होती.

या वर्षी त्यांनी काढायचं काम घेतलं. जुना कोड काढून टाकायचा. माझ्या नवऱ्याला हे फार गमतीचं वाटलं. रविवारी जेवताना तो विचारायचा, "आज किती ओळी लिहिल्यास?"

"उणे चारशे बारा."

"म्हणजे नुसती झोपून राहिली असतीस तर चारशे बारा ओळींनी पुढे असतीस!"

"दादा, तुझ्या कपाटातले जुने शर्ट काढायला वहिनीला किती वर्षं लागली?"

"अजून निघाले नाहीत," मी म्हणाले.

"बघ. लिहिणं सोपं असतं."

काढायचं होतं ते जुन्या पद्धतीचं टाचण. मला ते वन्संनी असं समजावलं. फाईल डिस्कवर अखंड नसते. तिचे सारखे तुकडे करून, जिथे जागा असेल तिथे ठेवतात. मग कुठला तुकडा कुठे आहे ते कुठेतरी लिहून ठेवावं लागतं. जुनी पद्धत अशी, की एकेका तुकड्याला वेगळा नंबर. नाटकाला चाळीस माणसं आली तर चाळिसांना एकेक करून खुर्ची दाखवायची. नव्या पद्धतीत एकदाच सांगायचं, ही सगळी मंडळी पाचव्या रांगेत, एक ते चाळीस. नवी पद्धत येऊन बरीच वर्षं झाली होती. पण जुनी काढायला कोणी धजत नव्हतं, कारण जुन्या डिस्क अजून कुठेकुठे चालू होत्या. त्यांना नव्या रस्त्याने नेऊन मग जुना रस्ता उखडायचा, हे काम वन्संनी आठ महिने केलं. तीन हजार आठशे ओळी काढल्या.

आणि एका ओळीपाशी अडल्या.

त्या दिवशी मी वर गेले तर चहा झाला नव्हता. वन्सं वहीतल्या चौकोनांकडे बघत बसल्या होत्या.

"काय झालं?"

"एक ओळ आहे. एवढीशी. नंबर शून्य असेल तर पुढे जाऊ नको, परत फीर, एवढंच म्हणते."

"मग?"

"मग काही नाही. नव्या रस्त्यावर तिचं काही कामच नाही. ती काढून नऊशे चाचण्या चालवल्या. सगळ्या पास. दरवान म्हणतो, काढून टाक, दार बंद व्हायला चार दिवस राहिलेत."

दरवान हे मीच ठेवलेलं नाव. आपल्याकडे सकाळ असते तेव्हा त्याच्याकडे संध्याकाळ. अकरा वर्षं तो आणि वन्सं रोज पत्रव्यवहार करतात. एकमेकांचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. त्याने हो म्हटल्याशिवाय या भागात एक स्वल्पविराम आत जात नाही. नवे बदल आत घ्यायला वर्षातून काही वेळा दार उघडतं, मग बंद होतं.

"सगळ्या पास झाल्या, दरवानही हो म्हणतोय. मग काढा की."

"ती ओळ कोणी लिहिलीय ते विचार."

"कोणी?"

"मी. बावीस वर्षांपूर्वी. आणि का लिहिली ते मला आठवत नाही."

त्यांच्या धंद्यात एक रीत आहे. एक अक्षर जरी बदललं तरी त्यासोबत पत्र लिहायचं, हे मी का करते आहे ते सांगणारं. ही पत्रं कधीच पुसत नाहीत. बावीस वर्षांपूर्वीचं वन्संचं पत्रही होतंच. त्यांनी लॅपटॉपचा पडदा माझ्याकडे फिरवला. त्यात दोनच शब्द होते. आवश्यक दुरुस्ती.

"ही काय रीत झाली?" मी म्हणाले. "दुसऱ्याने असं लिहिलं असतं तर तुम्ही त्याला फाडून खाल्लं असतं."

"खाल्लं असतंच."

"शून्य म्हणजे काय असतं तुमच्यात?"

"काही फायलींत भोकं असतात. पहिलं पान लिहिलं, शंभरावं लिहिलं, मधलं काहीच नाही. मग त्या मधल्या पानांना जागा देत नाहीत. टाचणात शून्य टाकतात, इथे अजून काही ठेवलेलं नाही."

"बरं मग?"

"डिस्कवर शून्य नंबरचा एक खरा तुकडा पण असतो. पहिला. त्याच्यात डिस्कची स्वतःची माहिती असते. ती केवढी आहे, तिचं टाचण कुठे आहे. कोणी चुकून त्या शून्याला पत्ता समजून तिथे लिहिलं, तर डिस्कला आपण कोण हेच आठवणार नाही."

"म्हणजे त्यासाठीच आहे ओळ."

"हो, पण तसं होणारच कसं? नव्या रस्त्यावर भोकाला वेगळी खूण आहे. मी हरतऱ्हेने करून पाहिलं. होत नाही, वहिनी. आणि होत नाही तर ती ओळ मी तेव्हा तरी का घातली?"

आता मला ऑपरेटिंग सिस्टीम कळत नाही, पण घरातल्या गोष्टी माझ्या लक्षात राहतात. कोणाचं ऑपरेशन कधी झालं, कुठला पंखा कधी बदलला. मी पत्राची तारीख विचारली. त्यांनी सांगितली.

"चिऊ केवढी होती तेव्हा?"

"सव्वा वर्षाची असेल."

चिऊ म्हणजे वन्संची मुलगी, आता तेवीस वर्षांची, दुसऱ्या गावात नोकरीला.

"मग तो काँप्युटर गेल्याच्या पुढचा महिना," मी म्हणाले. "चिऊचे सगळे फोटो गेले तेव्हाचा. मी इथे राहायला आले होते, चिऊला गोवर होता. तुम्ही महिनाभर सारखं तेच म्हणत होतात, या पोरीच्या फोटोंनी डिस्क काठोकाठ भरलीय, एक कागद ठेवायला जागा नाही. मग डिस्क जुनी झाली होती म्हणून गेली."

वन्संच्या हातातलं पेन वहीवर आडवं झालं.

"भरली होती," त्या म्हणाल्या.

"हो ना."

"काठोकाठ."

त्या उठल्या आणि थेट मशीनवरच्या फळीकडे गेल्या. मी मागोमाग गेले. त्यांनी एक छोटी डिस्क जोडली, जुन्या पद्धतीने मांडली, एक भोकाची फाईल ठेवली आणि मग ती डिस्क कचऱ्याने भरत गेल्या. नऊशे चाचण्यांतली प्रत्येक चाचणी स्वच्छ, रिकाम्या डिस्कवर सुरू होते, हे त्या मला भरता भरता सांगत होत्या. तुडुंब भरलेलं घर कोणी तपासलंच नव्हतं. डिस्क भरली. मग त्यांनी त्या भोकात एक अक्षर लिहायला सांगितलं. जागा मागितली, जागा नव्हती, आणि नाही म्हणण्याच्या गडबडीत ते शून्य तसंच पुढे गेलं.

पडद्यावर काहीच झालं नाही. मग वन्संनी डिस्क काढून पुन्हा जोडली. एक ओळ उमटली. डिस्क ओळखता आली नाही.

मी जन्मात बरंच पाहिलंय. आग लागलेली पाहिली, पूर ओसरल्यावरचं घर पाहिलं. पण इतक्या मुकाट्याने काही नाहीसं होताना पाहिलं नव्हतं. शेजारी धुण्याचं मशीन आमचे टॉवेल घुसळत होतं. आणि मला एकदम जाणवलं, की अशा किती डिस्क असतील, भरलेल्या, जुन्या, कुठल्या तरी शाळेच्या ऑफिसात, कोणा म्हाताऱ्याच्या टेबलाखाली, आणि बावीस वर्षं त्यांच्यापुढे ही एवढीशी ओळ हात आडवा धरून उभी होती. त्यातल्या एकालाही पत्ता नव्हता.

"चिऊची डिस्क जुनी झाली नव्हती, वहिनी," वन्सं माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

"मग?"

"आमच्यात रीत आहे. आपला बदल आधी आपल्या घरच्या काँप्युटरवर चालवून पाहायचा. मी पाहिला. माझाच बदल होता." त्यांनी डिस्कची वायर काढली. "आणि फोटो गेलेच नव्हते. सगळे जागच्या जागी होते. फक्त पहिलं पान गेलं होतं. ते परत लिहिता आलं असतं. पण मला ते उमगेपर्यंत दुरुस्तीवाल्याने डिस्क साफ करून, नवी करून आणून दिली. दादाने त्याला चहा पण पाजला."

मला तो दुरुस्तीवाला आठवला. फार अदबशीर माणूस होता. सासूबाईंनी पुढची दहा वर्षं त्याला शिव्या दिल्या.

"कोणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? आईने तुझ्या बाळपणावर शून्य लिहिलं? दुरुस्ती केली, दोन शब्द लिहिले, आणि विसरायचं ठरवलं. इतकं चांगलं विसरले की आज ती ओळ काढायला निघाले होते."

चहा मी केला. साखर दोनदा पडली, तरी दोघींनी तो प्यायला.

ओळ राहणार हे ठरलंच होतं. ती जुन्या कोडातून उचलून नव्या रस्त्यावर नेमक्या जागी बसवायची, भरलेल्या डिस्कची एक नवी चाचणी लिहायची, आणि मग बाकीचं सगळं काढायचं. हे त्यांनी दोन दिवसांत केलं. पत्रच लिहिलं जाईना. पुन्हा दोन शब्द लिहून मोकळं होता आलं असतं. "तांत्रिक कारण सांगितलं की पुरे," त्या म्हणायच्या आणि पुसायच्या. कारण पत्रं कधी पुसली जात नाहीत, आणि कोणीही वाचू शकतं, चिऊसुद्धा. तीही याच धंद्यात आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी चिऊला फोन लावला. स्पीकरवर, कारण हात ओले होते. सगळं सांगितलं. पलीकडे बसचा हॉर्न ऐकू येत होता.

"आई, म्हणजे दुरुस्तीवाला निर्दोष?"

"हो."

"आजी आता स्वर्गातून त्याची माफी मागत असेल." मग तिने विचारलं, "ती ओळ तू माझ्या फोटोंच्या नंतर घातलीस ना?"

"महिन्याने."

"तेव्हापासून दुसऱ्या कोणाचं गेलं?"

"कळायला मार्ग नाही. एकही तक्रार नाही आली."

"मग लिही की तसं. नीट लिही. आवश्यक दुरुस्ती म्हणे! माझ्या टीममध्ये असं लिहिलं असतं तर मी तुला परत पाठवलं असतं."

वन्संनी हात पुसले आणि लिहायला बसल्या. त्यांच्या भाषेतलं पत्र मला कळलं नसतं, म्हणून शेवटचा भाग त्यांनी मला आपल्या भाषेत वाचून दाखवला. "ही ओळ निरुपयोगी वाटेल. मलाही वाटली. डिस्क पूर्ण भरलेली असताना तिची गरज पडते. बावीस वर्षांपूर्वी माझ्या चुकीमुळे माझ्या मुलीच्या पहिल्या चौदा महिन्यांचे फोटो गेले, त्यानंतर मी ती लिहिली आणि कारण लिहिलं नाही. ते आता लिहीत आहे. ही ओळ काढण्याआधी डिस्क भरून पाहावी."

दरवानाचं उत्तर दुपारी आलं. अकरा वर्षं मंजुरी देताना तो एकच शब्द लिहितो, चालेल. या वेळी खाली आणखी एक ओळ होती. मुलगी आता केवढी आहे?

तीन हजार आठशे ओळी गेल्या. एक राहिली. काही आठवड्यांनी आमच्या घरचा काँप्युटर आपण होऊन बंद झाला आणि नवं काहीतरी चढवून पुन्हा सुरू झाला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होते. या क्षणी असंच किती ठिकाणी होत असेल, हे मनात आणायचा प्रयत्न केला, आणि ते मनात मावेना. दवाखाने, स्टेशनं, शाळा, सगळीकडे रस्त्याखालचा रस्ता उखडला जात होता, आणि वर चालणाऱ्याचा पाय अडखळत नव्हता. जिने तो उखडला ती चौथ्या मजल्यावर खिडकीत टॉवेल वाळत घालत होती.

नवऱ्याने आपली फाईल उघडली, होती तिथून पुढे वाचायला लागला. मी तशीच उभी.

"काय गं? काही झालं का?"

"नाही," मी म्हणाले. "काहीच नाही झालं."