दाजी आणि टाकीवरचा दिवा

ताईचा फोन आला तेव्हा मी दुकान नुकतंच उघडलं होतं. पेणच्या बाजारात माझं इलेक्ट्रिकचं छोटंसं दुकान आहे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, लग्न होऊन रोह्याला गेली त्याला आता खूप वर्षं झाली. “रवी, हे गेले रे… झोपेतच,” ती म्हणाली. मी हातातलं खोकं खाली ठेवून स्टुलावर बसलो. पलीकडे ती रडत असेल असं वाटलं. पण जरा वेळानं ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “आणि ऐक, तो टाकीवरचा निळा दिवा बंद कसा करायचा? माणसं यायला लागली हायत.”

दाजींना, म्हणजे ताईच्या यजमानांना, ओळखणाऱ्या कुणालाही हे वाक्य ऐकून नवल वाटणार नाही. त्या दिव्याचं बटण त्यांनी बैठकीच्या खोलीतल्या माशांच्या टाकीच्या स्टँडच्या आत, भिंतीच्या बाजूला लपवलं होतं आणि वर चिकटपट्टी मारली होती. कुणी पाहुण्यानं पंख्याचं समजून ते बंद करू नये म्हणून. मी ताईला फोनवर समजावलं, पण स्टँडला टेकून माणसं बसलेली, त्यांना उठा कसं म्हणायचं? मी मिळेल त्या गाडीनं रोह्याला पोचलो तेव्हा सगळी बैठकीची खोली निळी होती. मधोमध दाजी, भोवती बायका, दारात पुरुष, सगळे निळे. खांब गावची आत्या, दाजींची सख्खी आत्या, उशाशी बसून त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होती. शेवटी तिनं ताईला जवळ ओढलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कुजबुजीत विचारलं, “सुमे, ह्याचं तोंड निळं पडलंय गो. काय चावलं तर नाय?” शेजारचे काका म्हणाले, “आत्या, तुमचंपण निळंच हाय.” आत्यानं आपला हात डोळ्यांपुढे धरला आणि पटकन पदराखाली घेतला. कोपऱ्यात कुणीतरी खोकला काढला, तो खोकला नव्हता हे सगळ्यांना कळलं. मी स्टँडमागे हात घातला, चिकटपट्टी काढली, तेवढ्यात ताई म्हणाली, “असू दे. ऱ्हाऊ दे चालू.”

दाजी धाटावच्या एका केमिकल कंपनीत मेंटेनन्सला होते. सगळं आयुष्य शिफ्टमध्ये गेलं. दिवसा झोपणारा आणि संध्याकाळी दात घासणारा माणूस म्हणून आम्ही लहानपणी त्यांची चेष्टा करायचो. स्वभाव अबोल नव्हता, पण बोलायला त्यांना विषय लागायचा. बॉयलर, नळाचे वॉशर, एसटीचं इंजिन, असं काहीतरी. रिटायर झाले आणि विषयच संपले. ताई सांगायची, “हे नुसते बसून असतात रे. टीव्ही लावला तरी बघत नाय. भाजी निवडू का, असं विचारतात, मला भीती वाटते.”

अशात पनवेलला एका लग्नाला आम्ही गेलो. हॉलच्या दाराशी खाऱ्या पाण्याची मोठी टाकी होती. जिवंत प्रवाळांची, म्हणजे कोरलांची. फुलांच्या ताटव्यासारखे कोरल पाण्यात हलत होते, आणि त्यांत नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, नवरानवरी फोटो काढून दमली, दाजी टाकीसमोरून हलले नाहीत. मी जेवायला बोलवायला गेलो तर म्हणाले, “रव्या, हे झाड नाय. जनावर हाय. त्या वेटरनं सांगितलं.” घरी येताना सबंध रस्ताभर ते बोलत होते. ताई पुढच्या सीटवरून मागे वळून माझ्याकडे बघत होती. तिला आनंद झालाय की काळजी वाटतेय, ते मला अंधारात कळेना.

ताईनं एकच अट घातली. फ्रिजपेक्षा महाग वस्तू घरात यायची नाही. टाकी, पंप, वाळू, दगड, ते खास मीठ, सगळं मिळून फ्रिजच्या किमतीच्या आत. पेणची मिठागरं इतक्या जवळ असताना मीठ विकत आणावं लागतं याचं दाजींना फार दुःख झालं, पण आणलं. महिनाभर नुसतं पाणी फिरत ठेवलं. मग माशांची जोडी आली, मग मऊ जातीचे दोनचार कोरल, बटणांसारखे. दगडी जातीचे ठेवायला कायद्याची मनाई आहे हे त्यांनी आधीच वाचून ठेवलं होतं. आणि मग कळलं की सगळ्यात महाग गोष्ट अजून यायचीच आहे. दिवा. पनवेलच्या मत्स्यालयवाल्यानं जो दिवा दाखवला तो एकटाच फ्रिजएवढा होता, म्हणजे किमतीनं. दाजी त्याला म्हणाले, “मला विमान नको. जित्यासारख्या बारक्या स्टेशनला थांबणारी गाडी पाहिजे.” तो म्हणाला, काका, तशी गाडी या लाइनीवर नाही. दाजी तडक पेणला, माझ्या दुकानात.

“दिवा तो दिवा,” मी म्हणालो, आणि मंडपावर लावतात तसला पांढरा एलईडी फोकस काढून दिला. त्यांनी तो त्याच दिवशी लावला. रोह्याची ती बैठकीची खोली कबड्डीच्या मैदानासारखी उजळली. समोरच्या घरातल्यांनी खिडक्या लावून घेतल्या. ताई ताट घेऊन स्वयंपाकघरात जाऊन जेवू लागली. कोरल काही फुलले नाहीत, शेवाळ मात्र असं माजलं की मासे शोधावे लागत. मग दाजींनी हमरापूरहून हॅलोजन आणला. तिथल्या गणपतीच्या एका कारखान्यात त्यांच्या ओळखीचं कुणी होतं, रंग सुकवायला लावतात त्यातला एक जुना दिवा त्यानं दिला. दुपारी मी गेलो तेव्हा टाकीवर वाफ धरली होती आणि दोन्ही मासे तळाला जाऊन पडले होते. ताईनं पाण्यात बोट बुडवून बघितलं आणि म्हणाली, “कोकम घालू का आता?” दाजींनी हॅलोजन काढला आणि पाण्यात बर्फ बांधलेली पिशवी सोडली. मासे जगले. ते मासे इतके चिवट निघाले की मला त्यांच्याबद्दल आदर वाटू लागला.

तिसऱ्या वेळी माझी हुशारी आडवी आली. दाजींनी कुठेतरी वाचलं की कोरलला निळा उजेड लागतो. मी गणपतीच्या डेकोरेशनची निळी पट्टी दिली. खोली एकदम मोहक दिसायला लागली, कोरल मात्र मिटले ते मिटलेच. तेव्हा दाजी मोबाइल घेऊन बसले ते पंधरवडाभर उठले नाहीत. एका रविवारी मला समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. कोरल बाहेरून जनावर, पण त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं बारीक शेवाळ भाड्यानं राहतं. ते उजेडावर स्वयंपाक करतं आणि भाड्यापोटी मालकाला डबा देतं. समुद्रात खोल गेलं की बाकीचे रंग वाटेतच गळतात, निळा तेवढा तळाशी पोचतो, म्हणून त्या शेवाळाला निळ्याची सवय. “पण निळा दिसला म्हणजे झालं असं नाय,” ते म्हणाले. “तुझी पट्टी निळ्या कागदातून आलेल्या उजेडासारखी. रंग हाय, पण दम नाय. दम पाहिजे, आणि नेमका तोच निळा पाहिजे. पांढरा थोडासाच, आपल्याला बघायला.” पनवेलच्या त्या लग्नानंतर मी त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं. ताई दारात उभी राहून ऐकत होती. चहा गार झाला तरी तिनं आठवण केली नाही.

मग आम्ही दिवा घरीच बनवला. सुटे एलईडी मागवले, बरेचसे त्या नेमक्या निळ्याचे, थोडे पांढरे. उष्णता खेचायला ॲल्युमिनियमची जाड पट्टी, मागे छोटा पंखा, निळ्याला एक बटण, पांढऱ्याला वेगळं, म्हणजे दोन्ही कमीजास्त करता येतील. खाऱ्या पाण्यावर वीज टांगायची म्हणजे चेष्टा नाही, म्हणून अर्थिंग आणि खाली काच, याबाबतीत मी त्यांचं काही ऐकलं नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून आम्ही एक सबंध दुपार सोल्डरनं एलईडी झाळत बसलो होतो. दोघांच्याही चष्म्याचे नंबर वाढलेले, त्यामुळे एक जण भिंग धरायचा आणि दुसरा झाळायचा. मधेच एक गिऱ्हाईक शटरखालून वाकून म्हणालं, “होल्डर हाय का?” दाजी मान वर न करता म्हणाले, “आज दुकान बंद हाय. आज ऑपरेशन चाललंय.”

छताला पाळण्याचा जुना हूक होता. माझी भाची मनीषा त्या पाळण्यात वाढली. त्याच हुकाला दोरीनं दिवा टांगला. सुरुवातीला तो उंच आणि मंद ठेवायचा, मग हळूहळू खाली आणायचा, असं दाजींनीच मला शिकवलं होतं. पण दिवा लागला, कोरलांचे हिरवे-केशरी रंग आतून पेटल्यासारखे दिसले, आणि त्यांना राहवलं नाही. दोरी सैल केली, दोन्ही बटणं पूर्ण फिरवली. आठवड्याच्या आत कोरल फटफटीत पांढरे पडले.

मी गेलो तर दाजी टाकीकडे पाठ करून बसले होते. “रव्या, मी त्यांना पहिल्याच दिवशी डबल शिफ्ट लावली,” ते म्हणाले. रिटायरमेंटच्या निरोपसमारंभात सगळे रडत असताना हा माणूस लाडू खात होता, आणि आता ताटाला हात लावत नव्हता. मी उगाच वायरी तपासत राहिलो. ताई आतून हात पुसत आली. स्टूल ओढलं, त्यावर चढली आणि दोरी खेचून दिवा पार वर नेऊन बांधला. “नवी सून घरात आली की पहिल्याच दिवशी तिला कुणी पुरणपोळ्या लाटायला बसवत नाय,” ती म्हणाली. “ऱ्हाऊ दे काही दिवस असाच. आणि जेवून घ्या.” दाजी उठून जेवायला बसले. त्यानंतर दोरीला हात लावायचा तर ते ताईला विचारून लावू लागले. कोरल परत रंगावर यायला खूप वेळ गेला, काही गेलेही. पण जे जगले ते पसरले.

शेवटची दोन वर्षं हृदयानं त्रास दिला. डॉक्टरांनी जिने बंद केले, प्रवास बंद केला. मला फोन मात्र रोज. “उद्घाटन झालं,” म्हणजे सकाळचा निळा लागला. टायमर बसवला होता तरी तो लागला की नाही हे ते स्वतः बघायचे. पेणला माझ्या दुकानात कोण आलं, कोण गेलं, यात त्यांना रस नसे. काय नवा एलईडी आलाय, तेवढं सांग.

दिवसकार्य झाल्यावर प्रश्न आला टाकीचं काय करायचं. मनीषा पुण्याला असते. तिनं आईच्या काळजीपोटीच पनवेलच्या त्या मत्स्यालयवाल्याला बोलावलं. भला माणूस, दाजींबद्दल चांगलं बोलला. मासे नेतो म्हणाला, कोरल नेतो म्हणाला, टाकीसुद्धा. मग वर बघून म्हणाला, “हा दिवा तेवढा राहू द्या. हा असला कोणी घेणार नाही.” ताई उठली, त्याच्या पुढ्यातला चहाचा कप उचलला आणि म्हणाली, “मग काहीच नेऊ नका.” कपात अजून चहा होता. तो गेल्यावर मनीषा चिडली, मग रडली, मग दोघी मायलेकींनी मिळून टाकीची काच पुसली.

गेल्या महिन्यात ताईनं मला फर्मावलं की तूही छोटी टाकी कर. कोरलांची बटणं फार वाढली आहेत, एक तुकडा देते. मी नाही म्हणून बघितलं. दुकानामागच्या खोलीत आता एक काचेची पेटी आहे, महिनाभर नुसतं पाणी फिरवत ठेवलेली. गेल्या आठवड्यात मी रोह्याहून एसटीनं मांडीवर त्या तुकड्याची पाण्यानं भरलेली पिशवी घेऊन आलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, “काय, खाडीची कालवं काय?” मी हो म्हणालो.

पंचवीस वर्षं दिवे विकतोय, पण त्या तुकड्यासाठी दिवा निवडताना एकही पसंत पडेना. कपाटातली सगळी खोकी खाली काढली. शेवटी मीही सुटे एलईडी आणून झाळत बसलो, या वेळी भिंग एका हातात मीच धरून. दिवा टांगला. तुकडा मिटलेलाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. परवा दुपारी गिऱ्हाईक आटोपून मागे गेलो तर ती पाच-सहा बटणं उघडली होती, कडेला हिरवी, मध्ये केशरी… मी खिशातून फोन काढला आणि सवयीनं दाजींचाच नंबर लावला. रिंग वाजायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं. ठेवणार तेवढ्यात पलीकडे ताईनं उचलला.

“उघडलं,” मी एवढंच म्हणालो.

“बरं,” ताई म्हणाली. “दिवा किती वर टांगलायस ते सांग आधी.”