गाईचा घास

बीडच्या आडतीवरचा आमचा मापाडी प्रत्येक वाक्याला "हाय का न्हाई?" जोडायचा आणि उत्तराला कधी थांबायचा नाही. एकदा कापसाच्या कामाला तो आणि आडतीचा मुनशी मी, असे आम्ही दोघं निजामाच्या मुलखातून मुंबईला गेलतो. मी मुंबई आधी एकदाच पाहिलेली, पण तेवढ्यावर मी जाणकार. गोदीजवळ चीनच्या दक्षिणेकडच्या अनाम नावाच्या देशातल्या एका माणसाची खानावळ होती, तिथं मीच त्याला ऐटीत नेलं. रश्श्यातल्या शेवयांसोबत ताटलीभर कच्चा पाला आला.

"मुनशीजी, ह्यो पाला कावून?"

मला तरी कुठं ठाऊक होतं! "गाईचा घास," मी ठोकून दिलं. "इथं आधी गाईला."

तो भक्तिभावानं उठला आणि रस्त्यावरच्या गाईला पाला चारून आला. तेवढ्यात खानावळीचा मालक शेजारच्या बाकावर जेवायला बसला आणि तसलाच पाला चुरून स्वतःच्या वाडग्यात टाकू लागला. मापाड्यानं त्याच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं आणि बिनपाल्याच्या शेवया ओरपल्या.

बीडला परतल्यावर आडतीवर सगळे भोवती जमले. "तिथली लोकं लई धर्माची," तो सांगत होता. "गाईला घातल्याबिगर घास घेत न्हाईत. मुनशीजी, हाय का न्हाई?"

आणि त्या दिवशी मात्र तो उत्तरासाठी थांबला.