अण्णांनी निवडलेले स्पीकर

कानांचा दावा आणि ते भारी स्पीकर आमच्या घरात एकाच महिन्यात आले. हा निव्वळ योगायोग, असं माझा भाऊ आजही सांगतो. मी मानत नाही.

अण्णा म्हणजे माझे वडील. जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली. तापलेलं लोखंड रोलांमधून धावतं तेव्हाचा आवाज सांगून कळत नाही. तिथं माणसं हातवारे करूनच बोलतात. त्या आवाजाविरुद्ध अण्णांनी वर्षानुवर्षं पत्रकं काढली. कामगारांच्या कानांना बोळे द्या, पाळ्या बदलून द्या, दरसाल कान तपासा. मी वाचायला शिकले ती या पत्रकांवर. जोडाक्षरांत 'हक्क' मला 'चक्का'च्या आधी आलं. घड्या घालता घालता एक गोष्ट पक्की डोक्यात बसली, की मागणी स्पष्ट लिहायची आणि ती कुणाकडं आहे हेही लिहायचं.

बोळे कधीच मिळाले नाहीत. अण्णा निवृत्त झाल्यावर त्यांच्या जुन्या सोबत्यांनी ठरवलं, मिलवर बहिरेपणाच्या भरपाईचा दावा लावायचा. पहिलं नाव अण्णांचं, कारण ते पुढं असले तरच बाकीच्यांना धीर. अडचण एवढीच होती की त्याच मिलच्या ऑफिसात, दुहेरी काचेच्या आत, माझा मोठा भाऊ मॅनेजर आहे. कामगारांची हजेरी, तक्रारी, सगळं त्याच्याकडं. मालकानं त्याला बोलावून एकच विचारलं होतं, "तुमच्याच घरातून का?"

त्यानंतर आठवडाभरात दादा जेवताना म्हणाला, "अण्णांना गाण्याची एवढी आवड. ते जुनं डबडं किती दिवस ऐकायचं? एकदम वरच्या दर्जाचे स्पीकर घेऊ. अण्णाच पसंत करतील."

"अण्णांना ऐकू येत नाही, दादा."

"तू डॉक्टर झालीस का? मी काल विचारलं, जेवलात का, तर बराबर मान हलवली."

"ताट समोर होतं त्यांच्या."

आईनं माझ्याकडं डोळे वटारले. आमच्या घरात 'बहिरा' हा शब्द कुणी काढत नाही. अण्णांना दोनदा हाक मारायची, तिसऱ्यांदा समोर जाऊन उभं राहायचं, आणि हे सगळं आपण करतच नाही असं वागायचं.

रविवारी संभाजीनगरहून दुकानदार गाडीत दोन जोड घेऊन आला. एक छोटा, स्टँडवर ठेवायचा. दुसरा माझ्या छातीपर्यंत उंच, अक्रोडाच्या लाकडाचं पांघरूण घातलेला. जुन्या जालन्यातली आमची बैठकीची खोली केवढी, तिच्यात त्यानं फरशीला चिकटपट्ट्या लावून मापं घेतली, बोटाएवढ्या जाड वायरी अंथरल्या, आणि अण्णांची खुर्ची बरोबर मध्ये ओढली. अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, बघायला आलेल्या नवरदेवासारखे बसले होते. आई हळदकुंकवाची कोयरी घेऊन आली आणि तिनं स्पीकरच्या त्या वरच्या छोट्या घुमटाकडं बोट नेलं, तसा दुकानदार ओरडला, "काकू, तिथं नको! दबला की गेला! लाकडाला लावा, लाकडाला!"

मग तो अण्णांना म्हणाला, "काका, आवाज काय, कुणीही देतं. हे स्पीकर शांतता देतात. दोन सुरांच्या मधली शांतता ऐका तुम्ही."

अण्णा हसले. मला मात्र मस्तकात तिडीक गेली. ज्या माणसानं आयुष्यभर फक्त थोडी शांतता मागितली, कान वाचतील एवढीच, त्याला ती कुणी दिली नाही. आणि आता तीच जोडीनं विकायला आली होती, पॉलिश करून.

आधी छोटा जोड लागला. संथ खयाल होता. खरं सांगते, असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. गायिकेनं श्वास घेतलेलाही कळत होता. अण्णांनी डोळे मिटले. पूर्वी ते भजनी मंडळात टाळ धरायचे, ताल बोटांत मुरलेला. खुर्चीच्या हातावर बोटं पडू लागली आणि समेवर मान हलू लागली. दादानं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

मग वायरी बदलायला दुकानदारानं गाणं बंद केलं.

अण्णांची बोटं चालूच राहिली. खोलीत काहीही वाजत नव्हतं. खाली गल्लीत एक ऑटो पोंगा वाजवत गेला. अण्णांनी मिटल्या डोळ्यांनी समेवर मान हलवली, आणि पुढचं आवर्तन धरलं. दुकानदार हातात वायर घेऊन दादाकडं बघत राहिला. दादानं फोन काढला. आई चहा ठेवायला आत गेली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात दादा म्हणाला, "जोडा हो जल्दी. बघत काय बसलाय?"

उंच जोड लागला. तो संपल्यावर दादा अण्णांच्या पुढ्यात उभा राहिला, एक हात उंच स्पीकरवर ठेवून. "अण्णा, कोणते?"

अण्णांनी डोळे उघडले. आधी दादाच्या तोंडाकडं पाहिलं, मग त्या हाताकडं.

"हेच. हे जास्त मोकळे वाजतात."

"काकांचा कान तयार आहे," दुकानदार म्हणाला. त्याला विकायचे होते. दादालाही हवं होतं ते मिळालं. "ऐकलंस ना?" दादा मला म्हणाला. "मोकळे वाजतात म्हणाले."

संध्याकाळी अण्णा गच्चीवर एकटे होते. मी त्यांच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणाले, "अण्णा, मधे गाणं बंद पडलं होतं. तुम्ही ताल धरूनच होता."

ते म्हणाले, "दादाचं तोंड बघितलं न्हाईस तू. पार उतरलेलं."

"आणि पत्रकात काय लिहायचात? मालकाला भिऊन गप्प बसू नका."

"पत्रकात आपली लेकरं नसत्यात, बाई."

ते खरं होतं असं मी अजूनही मानत नाही.

दाव्यासाठी सगळ्यांचे कान सरकारी दवाखान्यात तपासायचे होते. त्या सकाळी जुने सोबती ऑटो करून आले. त्यांतले एक काका, अण्णांच्या शेजारी सळई ओढलेले, वर दारात आले. दादा ऑफिसला जाताना स्पीकर लावून गेला होता.

"चल की. समदे खाली थांबलेत."

"मी येत न्हाई," अण्णा म्हणाले. "मला ऐकू येतं."

"आं?"

"मला ऐकू येतं म्हणलं!"

काकांनी कानामागं हात धरला. "काय म्हणून राह्यलास?"

"ऐकू येतं मला!" अण्णा ओरडले. मानेच्या शिरा ताणल्या. समोरच्या धान्याच्या दुकानातले हमाल पोती टाकून वर बघायला लागले.

काकांना ऐकू आलं नसावं, पण समजलं. त्यांनी उंच स्पीकरकडं पाहिलं, मग अण्णांकडं. "मंग ऱ्हाऊ दे," एवढंच म्हणाले आणि कठडा धरत जिना उतरले.

मी चपला पायात सरकवून मागोमाग धावले आणि ऑटोत अण्णांच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. कुणीतरी गेलंच पाहिजे, एवढंच डोक्यात होतं. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"उतर, माय," ते म्हणाले. "तुझे कान चांगले हायेत."

मी उतरले.