जेवण झाल्यावर

सुरेखाक्का मगदूम मूळच्या जयसिंगपूरच्या. लग्न होऊन राजारामपुरीत आल्या, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत संसार केला, ब्लाऊज शिवले. नवरा, पार्श्वनाथ, एका शाळेत क्लार्क. सांगितलेल्या दिवशी ब्लाऊज तयार असतो, एवढीच त्यांची गल्लीत ओळख होती. नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात त्यांनी एक खून पाहिला आणि ती ओळख पुसली गेली.

त्या दिवशी जेवण उरकून त्या मागच्या गॅलरीत वाळलेले कपडे काढत होत्या. खाली बोळात, बंद गॅरेजच्या मागं, दोघांची झटापट चालली होती. एक उन्मेष, समोरच्या इमारतीतल्या शालूबाईंचा एकुलता मुलगा. दुसरा त्याच गल्लीतला विजयसिंह. त्याच्या बहिणीचं उन्मेषशी जमलं होतं आणि त्यावरून आधी दोनदा मारामारी झाली होती. विजयसिंहाचा हात खाली-वर झाला. उन्मेष भिंत धरून खाली बसला. मग विजयसिंहानं मान वर केली आणि सुरेखाक्का दोरीवरच्या चादरीआड झाल्या.

"आपण काय बघितलं न्हाय," पार्श्वनाथ म्हणाले. "पोरगी हाय घरात. गप बस."

त्या गप्प बसल्या. रात्री साडेनऊला कुणाला तरी प्रेत सापडलं. आपण लगेच ओरडलो असतो तर पोरगं वाचलं असतं का, हा प्रश्न तेव्हापासून त्यांच्या मागं लागला. जखम अशी होती की दोन-चार मिनिटांतच जीव गेला, असं डॉक्टरांनी पुढं कोर्टात सांगितलं. पण ते कळायला तीन वर्षं गेली.

चार दिवस शालूबाईंचं रडणं खिडकीतून येत राहिलं. पाचव्या दिवशी सुरेखाक्का मशीनवरून उठल्या आणि एकट्याच पोलीस ठाण्यात गेल्या.

"कधी बघितलं?" हवालदारानं विचारलं.

"जेवण झाल्यावर."

त्यानं लिहिलं, 'रात्री जेवण झाल्यावर.' जैनांच्या घरात, निदान मगदूमांच्या तरी, दिवस मावळायच्या आत जेवतात. साडेसहाला भांडी घासून पालथी पडलेली असतात. हे सांगायला हवं असं सुरेखाक्कांना वाटलं नाही आणि विचारायला हवं असं हवालदाराला वाटलं नाही.

साक्ष झाली तीन वर्षांनी. पार्श्वनाथ तोवर गेले होते. त्या संध्याकाळी ट्रान्सफॉर्मर जळून साडेसात ते साडेनऊ वीज नव्हती, हे आरोपीच्या वकिलांनी शोधून काढलं होतं.

"अंधारात चेहरा कसा दिसला, बाई?"

"अंधार नव्हता. दिवस मावळायचा होता."

"मग पोलिसांना रात्र का सांगितलंत?"

"रात्र मी म्हटलंच न्हाय."

"चार दिवस गप्प का बसलात?"

"भ्याले होते."

दीड दिवस हेच चाललं. न्यायाधीशांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला. विजयसिंहाला जन्मठेप झाली आणि त्यानं अपील केलं.

अपील सहा वर्षं पडून राहिलं. तेवढ्या काळात विजयसिंहाच्या नात्यातल्या बायका ब्लाऊज शिवायला यायच्या बंद झाल्या. बाकीच्या यायच्या. माप देताना हात वर धरून एखादी हळूच विचारायची, "खरंच दिसलं का हो तुम्हाला?" सुरेखाक्का आधी सगळं सांगायच्या. पुढं पुढं नुसतं "व्हय" म्हणून टेप गुंडाळायच्या.

हायकोर्टाचं काम आता कोल्हापुरातच चालतं. अपिलात साक्षीदाराला बोलावत नाहीत, तरी सुनावणीला त्या गेल्या. मुलगी आदिती हातकणंगल्याच्या शाळेत शिकवते. तीही रजा टाकून आली. दोघी शेवटच्या बाकावर बसल्या. सगळं इंग्रजीत चाललं होतं. 'मगदूम' तेवढं त्यांना सारखं ऐकू येत होतं.

"काय म्हणतोय गं?"

"काही नाही आई. तारखा सांगतायत."

"खरं काय ते सांग."

आदितीनं खाली बघून सांगितलं, "तू पढवलेली साक्षीदार आहेस म्हणतात. तुला दिसलंच नाही म्हणतात."

सुरेखाक्का अर्धवट उठल्या. आदितीनं त्यांचा हात धरून खाली बसवलं.

सरकारी वकील भैरवी घोरपडे यांनी जेवणाचा मुद्दा काढला. दोन न्यायाधीशांपैकी एकांनी चष्मा काढून विचारलं, "हे कागदावर कुठं आहे? खालच्या कोर्टात साक्षीदाराला कुणी विचारलं होतं?"

वकीलबाईंनी पानं चाळली. कुणी विचारलं नव्हतं. आदितीनं ते आईच्या कानात सांगितलं.

"मी इथंच हाय की," सुरेखाक्का आदितीला म्हणाल्या. "मला विचारा म्हणावं."

"तसं चालत नाही, आई."

तीन आठवड्यांनी निकाल लागला. साक्षीदार खोटं बोलते असं म्हणता येणार नाही, पण उशिरा दिलेल्या, वेळेबाबत विसंगत अशा तिच्या एकटीच्या शब्दावर जन्मठेप टिकणार नाही, अशा अर्थाचं त्यात होतं. विजयसिंह सुटला. आदितीनं तो परिच्छेद मराठीत दोनदा वाचून दाखवला.

"म्हणजे खरी म्हटली का खोटी?"

आदितीनं निकालाच्या कागदांची घडी घातली.

आठवड्यानं सुरेखाक्कांना विजयसिंह भाजीवाल्यापाशी दिसला. पार वाळला होता, कानाजवळचे केस पिकले होते. त्यानं बाजूला सरून त्यांना वाट दिली. त्याही मेथी न घेता पुढं गेल्या.

त्या दुपारी शालूबाई जिना चढून आल्या. दम खात खुर्चीत बसल्या.

"वैनी, वकीलबाई म्हणत्यात अजून वर जाता येतंय. परत बोलवलं तर येशीला?"

"येईन की." सुरेखाक्कांनी सुईतला दोरा तोडला. "पण एक सांगू? आता मला ते डोळ्यांपुढं येत न्हाय. कोर्टात काय बोलले तेवढंच आठवतंय. खरं हाय, पण दिसत न्हाय."

शालूबाईंनी पदरानं घाम पुसला.

"माझं पण तसंच झालंय," त्या म्हणाल्या. "उन्मेषचं तोंड आठवायला गेलं की भिंतीवरचा फोटोच येतोय."

सुरेखाक्का उठल्या, पंखा जरा वाढवला आणि त्यांच्याशेजारी येऊन बसल्या. शिवायचं काम बरंच पडलं होतं. त्या दुपारी त्यांनी त्याला पुन्हा हात लावला नाही.