मधले टायर

सायकलच्या दुकानातल्या काकांनी मी निवडलेल्या नव्या सायकलचा टायर अंगठ्यानं दाबला आणि मला बाबा आठवला. तोही हवा अशीच बघायचा. आम्ही दोघं सायकलनं कोकणात जाणार होतो. घाटापर्यंत डांबर, पुढे लाल माती. त्याआधीच, पावसाळ्यात, तो वारला.

"डांबराला बारीक टायर, मातीला जाड. दोन्हीकडे जायचं तर हे मधले घ्या, ताई. सोबत कोण आहे?" काकांनी विचारलं.

"बाबा आहेत," मी खोटंच म्हटलं.

मधले टायर डांबरावर जड जातात, मातीत घसरतात. मागे राहिलेल्या माणसासारखे कुठेच पूर्ण रुळत नाहीत. मी तेच घेतले.

काकांनी हँडलला कुंकू लावून नारळ दिला. "घरातल्या मोठ्या माणसाच्या हातानं फोडा. मगच बसा."

घरात आता मोठी मीच होते. नारळ हँडलला अडकवून मी नवी सायकल घरापर्यंत चालतच नेली.