माईकवरचं चौथं नाव

आज मानवतच्या भाजीबाजारात माझी लाज निघाली. हसायचं तर हसा, पण शेवटपर्यंत वाचा.

मी इथल्या केबल चॅनलचा जुना बातमीदार. पहिलं नाव 'कापूसगाव केबल', लोगोत पांढरं बोंड. मालक बदलला, 'गर्जना' झालं, बोंडाच्या जागी सिंह आला. पुन्हा मालक बदलला, 'जनहित' झालं, सिंह जाऊन गोल फिरणारी पृथ्वी आली. आजपासून आमी 'सुपरफास्ट प्रगती'. लोगोत बाण.

नवा माईक घेऊन भाजीवाल्या गयामावशीकडं गेलो. बाजारात बायांना मुतारी नाही, हे तिनं आधीच्या तिन्ही माईकांत सांगितलंय. एकदाही दाखवलं नाही.

मावशीनं माईकवरचा लोगो न्याहाळला. "हे दुसरंच दिसायलंय. तुमी कोणते?"

"तेच, मावशी. फक्त नाव बदललं."

"लगीन झालं की बाईचं नाव बदलतंय. तुमचं हे कितवं लगीन?"

सगळा बाजार हसला. मीपण हसलो.

मावशी हसली नाही. "धर माईक, चौथ्यांदा सांगते. जायाला जागा न्हाई म्हणून सकाळपासून पाण्याचा घोट घेतला न्हाई."

संध्याकाळच्या बातम्यांत बाण पाच वेळा सुसाट गेला. मावशी दिसली नाही. नवे मालक म्हणाले, "पहिल्याच दिवशी मुतारी दाखवता का राव?" मी "बरं" म्हणालो.

नावं चार झाली, पण चारही लग्नांत करवली म्हणून मिरवलो मीच. तुमीच सांगा, उद्या कोणत्या तोंडानं मावशीकडं भाजी घ्यायला जाऊ?