पायाखालचा ब्रेक

लिफ्ट वर नेण्यात काही विशेष नाही, असं तो म्हणतो. मोटर काय, सांगाल तिथवर ओढत राहील. कसब आहे ते थांबवण्यात. डबा मजल्याच्या फरशीशी सपाट थांबला पाहिजे. बोटभर वर राहिला किंवा बोटभर खाली, म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकलाच. अडतीस वर्षं तो लोकांना अशा रीतीने सपाट थांबवत आला आहे. बेताची उंची, पांढरी मिशी, खिशात टेस्टर, बुटांवर ग्रीसचे जुने डाग. ज्या इमारतींच्या लिफ्ट तो सांभाळतो तिथे त्याला लिफ्टवाले म्हणतात, आणि लिफ्ट नीट चालत असली की त्याची आठवण कुणालाही येत नाही. त्याला ते बरं वाटतं. "माझा फोन वाजला की समजायचं, कुणीतरी मधल्यामध्ये लटकलंय."

अशा माणसाच्या दारात ती गाडी कशी, हे गल्लीला कधीच कळलं नाही. दोन दारं, लांब बॉनेट, सहा सिलिंडर, आणि इतकी बुटकी की आत बसणं म्हणजे टबमध्ये उतरणं. एका इमारतीच्या तळघरात, लिफ्टच्या खड्ड्याशेजारी, ती कापडाखाली तीन वर्षं उभी होती. मालक दातांचे डॉक्टर. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांना गाडीत बसता येई, पण उठता येत नसे. लिफ्टवाला दर महिन्याला तपासणीला यायचा आणि जाताना कापडाचं एक टोक उचलून बघायचा. शेवटी डॉक्टरच म्हणाले, "घेऊन जा बाबा. तुझ्याशिवाय तिच्याकडे कुणी बघत नाही."

त्याला आता वीस वर्षं झाली. इंजिन अजून ठणठणीत आहे. ब्रेक मात्र तिच्या जमान्यातले होते, आणि त्या जमान्यात लोक थांबण्याचा फारसा विचार करत नसावेत.

नऊ वर्षांपूर्वी, घाट उतरताना, ब्रेक तापले. आधी जळका वास आला, मग पेडल मऊ पडलं आणि खाली जातच राहिलं. त्याने गिअर पाडले, हँडब्रेक ओढला आणि गाडी कडेच्या खडीच्या ढिगात घातली. दोघांपैकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. शेजारी बसलेली बायको उतरली, पर्स खांद्याला लावली आणि खालच्या गावापर्यंत चालत गेली. तिथून तिने बस धरली. तेव्हापासून ती त्या गाडीत बसली नव्हती.

बायको नर्स. सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणते, नवरा तेवढा म्हणत नाही. त्यांची मुलगी घाटापलीकडच्या गावात दिलेली. दर महिन्याच्या एका रविवारी दोघं तिच्याकडे जात, पण तो गाडीने आणि ती बसने. एकाच घरातून निघून एकाच घरी तासाभराच्या अंतराने पोचत. "बाबा, आमच्या शेजारणीला वाटतं तुम्ही दोघं वेगळे राहता," मुलगी म्हणायची. "तिने आईला विचारलंसुद्धा, मुलीला भेटायला कोर्टाने रविवार दिलाय का म्हणून."

हे असंच चाललं असतं. पण यंदा ती बस बंद झाली.

"आता?" तो म्हणाला.

"आता काय? विका ती," बायको म्हणाली. ती कणीक मळत होती आणि मळतच राहिली. "साधी चार दारांची घ्या. लोकांकडे असते तशी."

"ब्रेकच बदलले तर?"

"नऊ वर्षांत बदलले का?"

हे खरं होतं. पॅड बदलले होते, तेल बदललं होतं, पण जे मुळात लहान होतं ते लहानच होतं. त्याला लाज वाटत आली होती. थांबवणं हाच ज्याचा धंदा, त्याच्याच गाडीने बायकोला खडीत नेलं, हे उघड्यावर काढायची त्याची हिंमत झाली नव्हती.

"दोन आठवडे दे," तो म्हणाला. "त्याउपर नाही बसलीस, तर विकतो. शब्द."

त्याने रजा टाकली. त्याच कंपनीची नंतरची, जास्त जड गाडी भंगारात मिळते हे त्याला ठाऊक होतं. तिचे पुढचे ब्रेक याच्या दीडपट मोठे. जाड डिस्क, आणि डिस्कला दोन्ही बाजूंनी पकडणारे कॅलिपर, प्रत्येकी चार पिस्टनचे. भंगारवाल्याच्या आवारात एका चाकं नसलेल्या गाडीपुढे उकिडवा बसून त्याने ते सोडवले. घोटाळा नको म्हणून दोन्हींना चिठ्ठ्या बांधल्या, डावा, उजवा. घरी आणून उघडले, धुतले, रबरी सील नवीन घातले. मोठे ब्रेक जुन्या चाकात मावेनात, तेव्हा पुठ्ठ्याचा कॅलिपर कापून तो घेऊन तीन दुकानं फिरला आणि प्रत्येक चाकाच्या आत पुठ्ठा फिरवून बघत बसला. तिसऱ्या दुकानातल्या चाकात पुठ्ठा काडीभर जागा ठेवून फिरला.

समोर पंक्चरवाल्याचं दुकान आहे. तो टायरवर बसून सगळं बघत असे.

"काका, एवढे मोठे ब्रेक कशाला? ती तशीही जागची हलत नाही."

"तू पंक्चर काढ."

"काढतोय की. तुमचं मात्र दहा दिवस चाललंय. तेवढ्यात माझी तीन लग्नं झाली असती."

"एक होऊ दे आधी."

अकराव्या दिवशी सगळं बसलं. राहिली हवा काढायची. नळ्यांमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर पेडल दाबलं की हवाच दबते, ब्रेक लागत नाही. त्यासाठी दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, दुसऱ्याने खाली बसून कॅलिपरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा, म्हणजे तेलाबरोबर हवा बाहेर पडते.

"बसायला नाही सांगत," तो बायकोला म्हणाला. "गाडी घोडीवर आहे, चाकं काढलेली आहेत. नुसता पाय दे."

ती ड्यूटीवरून आली होती. पांढऱ्या बुटांसकट आत उतरली, स्टिअरिंग धरलं.

"दाब."

"दाबलं."

"धरून ठेव. धर, धर... सोड. पुन्हा दाब."

तासभर हे चाललं. गेल्या कित्येक महिन्यांत दोघांत एवढं बोलणं झालं नव्हतं. पंक्चरवाल्याने कामच थांबवलं. "सिस्टर, वजन कमी होईल हं."

"तुझं ब्लडप्रेशर बघायला येऊ का?" तिने आतूनच विचारलं. तो टायरकडे वळला.

पण पेडल काही घट्ट होईना. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तास, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेलाचा तिसरा डबा संपत आला. पारदर्शक नळीतून शुद्ध तेल येत होतं, एक बुडबुडा नाही, आणि तरी तिच्या पायाखाली पेडल ओल्या स्पंजासारखं.

"अहो, कालच्याएवढंच जातंय," ती म्हणाली. "अर्ध्यापर्यंत नुसतं हवेत, मग लागतं."

"तुला काय कळतंय अर्ध्यापर्यंत!"

"तीन दिवस माझा पाय आहे तिथे. तुमचा नाही."

ती उतरली, पाठ सरळ केली, आणि पुढच्या चाकाच्या रिकाम्या जागेत वाकून बघू लागली. बराच वेळ. मग म्हणाली, "हा स्क्रू खाली कसा?"

"खाली म्हणजे?"

"सलाइनच्या नळीत हवा राहिली तर आम्ही टिचक्या मारून ती वर चढवतो. हवा वरच जाते ना? मग बाहेर पडायचं तोंड वर हवं. तुमचं खाली आहे. हवा वर बसून राहणार आणि तुम्ही खालून तेल काढत बसणार."

तो जमिनीवर पालथा पडला, मान वाकडी करून पाहिलं. स्क्रू खालीच होता. दुसऱ्या बाजूलाही खालीच. डाव्याचा कॅलिपर उजवीकडे बसला होता आणि उजव्याचा डावीकडे.

पण चिठ्ठ्या तर त्याने स्वतः बांधल्या होत्या. मग हळूहळू उलगडलं. लिफ्टचं डावं-उजवं दारासमोर उभं राहून मोजतात. बाहेर उभा असलेल्याचा डावा हात तो लिफ्टचा डावा. अडतीस वर्षांची सवय. गाडीचं आत बसलेल्याच्या हाताने मोजतात, आणि तो भंगारातल्या गाडीपुढे, तिच्याकडे तोंड करून बसला होता. घरी बसवताना मात्र त्याने चिठ्ठ्या गाडीच्या हिशोबाने वाचल्या.

तो उठून बसला. हाताला तेल, तेलाला माती. एवढ्या साध्या गोष्टीत चुकलेला माणूस ब्रेकबद्दल शब्द देतो, हे आता तिने समोर पाहिलं होतं. एक दिवस उरला होता.

"विकून टाकू," तो म्हणाला.

"का?"

"बघितलंस ना."

"बघितलं. चूक होती, सापडली. आमच्याकडे सापडलेल्या चुकीला कुणी घाबरत नाही. आता डावा-उजवा अदलाबदल करायला किती वेळ लागतो?"

"तासभर."

"मग मी तोवर चहा ठेवते. पेडलला मीच बसणार. तुम्हाला कळणार नाही."

त्या संध्याकाळी पहिल्याच चार दाबांत बुडबुडे आले, मोठे, भराभर. तेल टाकीतून भरत गेलं, हवा वरून निघत गेली, आणि दहाव्या दाबाला गाडीतून तिचा वेगळाच आवाज आला. "अगंबाई! भिंतच आहे की हो."

चाकं चढवून झाल्यावर तो हात पुसत उभा राहिला. विचारायचं होतं, विचारवत नव्हतं. तीच म्हणाली, "उद्या येते मी."

"खरंच?"

"पण चालवणार मी."

त्याने तिच्याकडे पाहिलं. दवाखान्याची व्हॅन तिने खेडोपाडी बारा वर्षं चालवली होती, हे त्याला माहीत होतं. किल्ली तिच्या हातात द्यावी हे मात्र वीस वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं.

"त्या दिवशी घाटात मला दरीची भीती नव्हती वाटली," ती म्हणाली. "तुमचा पाय पेडलवर होता. खाली जातंय हे तुम्हाला कळत होतं. मला काही कळत नव्हतं. माझे दोन्ही पाय नुसते ठेवलेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोदामांमागच्या सरळ, रिकाम्या रस्त्यावर तो तिच्या शेजारी बसला. ही सीट त्याच्या ओळखीची नव्हती. इथून बॉनेट फारच लांब दिसत होतं आणि रस्ता फारच जवळ.

"नवे पॅड डिस्कवर बसवायचेत," त्याने समजावलं. "ऐंशीपर्यंत ने, मग जोरात दाबून वीसवर आण. पूर्ण थांबायचं नाही. असं दहा वेळा."

पहिल्यांदा तिने हळू दाबलं. दुसऱ्यांदा जरा जास्त. तिसऱ्यांदा त्याचा चष्मा नाकावरून निसटून मांडीत पडला आणि पट्टा छातीत रुतला.

"लागला," ती म्हणाली.

"मलाही."

"नाटकं नकोत. कितवा?"

"तिसरा."

सातव्याला थोडा वास आला. त्याने दाराची मूठ धरली. "हा नव्या पॅडांचा आहे. येतोच."

"कळतंय मला. पेडल आहे तिथेच आहे." तिने पुन्हा वेग घेतला. सहा सिलिंडरांचा आवाज चढत गेला. गाल लाल झालेले, ओठ किंचित उघडे. असा चेहरा त्याने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता, आणि आता पाहत होता तर ती म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय, काटा बघा. ऐंशी झाले का?"

"ब्याऐंशी."

दहावा झाला. त्याच्या कपाळावर घाम होता, तिच्या नव्हता.

"झालं?"

"झालं. आता गार होऊ द्यायचे. दहा मिनिटं चालवत राहा, ब्रेकला पाय लावायचा नाही."

"मुळीच?"

"मुळीच."

"मग थांबू कशी?"

"थांबायचं नाहीच आहे."

तिने गिअर टाकला. गोदामं संपली, रस्ता मोठ्या वळणाने शेतांकडे निघाला. त्याने मूठ सोडली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"मुलीला फोन करा," ती म्हणाली. "सांगा, या रविवारी दोघं एकदमच येतोय. म्हणजे ती शेजारीण दारात उभी राहील."

"आणि विकायचं?"

"गाडी चालवताना माझ्याशी बोलू नका."